खालून न दिसणारा डेक

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ जहाज आहे, पण समुद्राचा थेंबही मला कधी लागलेला नाही. एरो बेटावरच्या आमच्या चर्चच्या छताला मी दोराने टांगलेलं आहे. इकडे चर्चमध्ये असं जहाज टांगायची रीतच आहे, आणि त्याचं तोंड वेदीकडे असावं लागतं. माझं तोंड चुकून दाराकडे झालं असतं, तर बेटावरची म्हातारी माणसं आत पाऊल टाकायला तयार झाली नसती.

मला घडवलं एस्बेन या म्हाताऱ्या जहाजसुताराने. उभा जन्म त्याने बंदरात मोठी जहाजं दुरुस्त केली, आणि ते काम सुटल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला मांडलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका आरमारी जहाजाचा नकाशा त्याच्यासमोर असे. मी त्याच्या साठाव्या हिश्शाचं. आधी कणा, मग बरगड्या, मग वाफेवर वाकवलेल्या नाशपातीच्या लाकडाच्या पट्ट्या. एक पट्टी केसभर वर बसली, तर पठ्ठ्याने ती उखडून पुन्हा बसवली. मला दुखलं, पण बरंही वाटलं.

त्याची बायको मारेन मात्र वैतागली होती.

"लोण्यात भुसा, कॉफीत भुसा. उद्या माझ्या पोटातून फळी निघेल," ती म्हणायची.

"जरा इकडे येऊन बघ तरी."

"बघेन की. चर्चमध्ये लागलं की चार लोकांबरोबर बघेन. आत्ता टेबल रिकामं कर."

मारेनचं आणि जहाजांचं पहिल्यापासून वाकडं. पलीकडच्या गावी जाणाऱ्या फेरीबोटीतही तिला बोट लागायची. लग्न झाल्यावर एस्बेन तिला कितीदा म्हणाला होता, "एकदा तरी चल माझ्याबरोबर शिडाच्या जहाजातून." ती गेली नाही. पुढे त्याने विचारणं सोडून दिलं.

चर्चची देखभाल करणारी बोडिल एकदा मला बघायला आली. ती एस्बेनच्या शाळेतली, त्यामुळे भीडभाड काही नाही. "अरे, पोट खोल कर, तोफा मोठ्या कर. वर टांगलं की खालून तेवढंच दिसतं. असंच करणारे आपले जुने लोक काय वेडे होते?"

"माझ्याकडे खोटं माप चालायचं नाही," एस्बेन म्हणाला.

आणि तरी त्याने एक खोटं केलंच. लढाऊ जहाजावर बाई कुठली असायला? पण सगळं काम संपल्यावर त्याने अंगठ्याच्या पेराएवढी एक बाई कोरली आणि सुकाणूच्या चाकाजवळ बाकावर बसवली. डोक्याला निळा रुमाल, मांडीवर विणकाम. मग त्याने मला हळूच वळवलं आणि माझा डेक मारेनच्या खुर्चीकडे केला. ती बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला कुठला आवाज!

मला चर्चमध्ये चढवलं त्या दिवशी सगळ्यांनी माना वर केल्या. दिसलं काय, तर तपकिरी पोट आणि काड्यांएवढ्या तोफा. "छान आहे हो," म्हणत लोक कॉफीकडे वळले. मारेनने बराच वेळ बघितलं आणि ती म्हणाली, "एवढ्यासाठी माझं टेबल अडवलंस?" एस्बेन हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला मला वरून दिसला.

वर्षं गेली. माझ्या शिडांवर धूळ साचली, कोळ्यांनी घरं केली. एका उन्हाळ्यात बोडिल शिडी लावून मला पुसायला चढली, आणि ती बाई बघून तिथेच थबकली. खाली उतरून तिने एस्बेनला गाठलं.

"मारेनला सांगितलंस?"

"तिने आपणहून बघायला हवं."

"आता गुडघे धरून शिडी चढणार आहे का ती? तुम्ही दोघंही एकापेक्षा एक हट्टी."

बोडिलने मग माझा दोर झिजल्याचं निमित्त काढलं. दोघांना बोलावून घेतलं आणि मला खाली सोडलं, थेट मारेनच्या डोळ्यांसमोर. एस्बेन उगाच दोराची गाठ तपासत राहिला.

मारेनने चष्मा लावला. शिडांच्या दोऱ्या बघितल्या, खलाशांच्या अंड्यांसाठी डेकवर असायचं तसं कोंबड्यांचं इवलंसं खुराडं बघितलं आणि चाकाजवळ थांबली.

"ही कोण?"

एस्बेनने गाठ आणखी आवळली.

"हा निळा रुमाल माझा आहे. आणि नाक एवढं मोठं?"

"मापात आहे," एस्बेन गाठीकडे बघत म्हणाला.

मारेन हसली, आणि हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले. मग त्याचा हात धरून ती कितीतरी वेळ माझ्याजवळ उभी राहिली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कोणीतरी जीव ओतून काही करत असेल. ते वर टांगायची वाट बघू नका. टेबलावर आहे तोवर जवळ जाऊन बघा. मी नशीबवान म्हणून मला बोडिल भेटली.

त्या दिवशी तिने नवा दोर बांधून मला वर ओढायला घेतलं, तेव्हा खालून मारेनचा आवाज आला, "हळू गं बोडिल, मला बोट लागते."