राखाडी काठ

फ्राउकेचं पत्र पानगळीत आलं होतं. मेहुणे गेल्यानंतरचं तिचं पहिलंच. समुद्रकाठच्या हार्लिंगेनच्या घरात वरची खोली रिकामी आहे, तू राहायला येतोस का, नाहीतर वसंतात भाडेकरू ठेवीन, एवढंच. धाकट्या बहिणीला हो किंवा नाही म्हणायला मला अख्खा हिवाळा पुरला नाही. फोनवर मी अडखळतो, आणि हात कापत असल्यामुळे लिहिलेलं माझं मलाच लागत नाही. शेवटी मार्चमध्ये संगणकावर तीन पानी उत्तर तयार केलं. पाकिटावर पत्ता छापला आणि प्रिंटरची शाई संपली.

शाईची बाटली आणि कार्ट्रिज पुन्हा भरायची पिचकारीची सुई घरात होती. मी माहितीपत्रक पुन्हा पुन्हा वाचत बसलो होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या हेन्नीबाई रविवारचं मटाराचं सूप घेऊन वर आल्या. टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र पाहून त्यांनी माझा केक भाजायचा पत्रा काढला आणि सगळा पसारा त्यात ठेवला.

"अहो शेजारी, कागदातून शाई खाली उतरते. माझा चांगला टेबलक्लॉथ असाच गेलाय."

सुई आतल्या स्पंजात घालून हळूहळू दाबा, भोकाशी शाई दिसली की थांबा, असं त्यांनी सांगितलं. शाई दिसली. पण पुरेशी झाली की नाही अशी शंका आली, म्हणून मी आणखी थोडं दाबलं. शाई उसळून बोटांवर आली. घाईघाईने मी त्याच बोटांनी पाकीट बाजूला घेतलं, मग ओल्या कागदाने पुसलं. काळा रंग फिका होत कडेकडेने पसरला.

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी राखाडी काठाच्या पाकिटातून येते. हेन्नीबाईंनी पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं.

"छान. स्वतः मेल्याचं स्वतःच कळवताय. बहीण दारातच बसेल."

मला हसू आलं नाही. तशी पाकिटं फ्राउकेने गेल्याच वर्षी, मेहुणे गेले तेव्हा, गावभर पाठवली होती.

हेन्नीबाईंनी कार्ट्रिज ओल्या कागदावर टेकवून टेकवून नीट निथळवलं. पहिलं पान बरं आलं, दुसरं पुसट, तिसरं जवळजवळ कोरं. शाई स्पंजात मुरायला रात्रभर ठेवावं लागेल, असं मी पुटपुटलो. त्यांनी चष्मा लावला आणि विचारून पानं वाचायला घेतली. गुडघे, पुस्तकं, समुद्रावरचा वारा, सगळ्या सबबी वाचून झाल्या.

"यात तुम्ही जाणार की नाही, ते कुठंय?"

शेवटच्या पानावर आहे, ते उमटलं नाही, मी म्हणालो.

"मग तेवढंच छापा की."

मी संगणकावरचं बाकीचं पुसून टाकलं. थोड्या वेळाने एकच ओळ उमटली, मधे एक पांढरी रेघ घेऊन: खोली देऊ नकोस, मी येतो.

हेन्नीबाईंनी तीही वाचली. कागदाची घडी घातली, मग ती उलगडून पुन्हा नीट घातली.

"सूप गार झालं," त्या म्हणाल्या.

ते तसंच प्यायलो. नव्या पाकिटावर पत्ता त्यांनीच लिहिला, आणि माझी बोटं अजून काळी होती म्हणून पत्र पेटीपर्यंत त्यांच्याच हातात राहिलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीला दोन फटी आहेत, डावी आसपासच्या गावांसाठी आणि उजवी बाकीच्या देशासाठी, म्हणजे हार्लिंगेनसाठीही. त्यांचा हात डाव्या फटीपाशी जरा रेंगाळला. मग त्यांनी पाकीट उजवीकडे सोडलं.