कत्तलखान्याचा पुढारी

मित्रांनो, मी एक जुना बोकड आहे. माझ्या वयाचा दुसरा बोकड मी अजून पाहिलेला नाही. खरं तर इथंच तुम्हाला संशय यायला हवा होता. बोकड म्हातारा होतोच कसा?

सांगतो. मी कत्तलखान्यात कामाला होतो. ट्रकमधून उतरलेल्या शेळ्या नव्या जागेला बिचकतात. ओढा, ढकला, पाय रोवून उभ्याच. पण आपल्यातलाच एखादा निवांत पुढे चालू लागला, की त्याच्यामागे गुमान जातात. तो एखादा म्हणजे मी. अरुंद बोळातून मी त्यांना आत न्यायचो. शेवटच्या वळणावर बाजूला एक छोटं दार होतं. मुकादम ते फक्त माझ्यासाठी उघडायचे. मी बाहेर, बाकीचे आत. मग मला मूठभर दाणे मिळायचे. कामगार मला 'पुढारी' म्हणायचे आणि हसायचे.

मला काही कळत नव्हतं, असं मी सांगू शकतो. पण खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. दाणे चांगले होते. तेव्हापासून मी कुणाच्याही गोड वागण्यावर विश्वास ठेवत नाही. माझं स्वतःचं कसं होतं, ते मला ठाऊक आहे ना!

मुकादमांची थोरली मुलगी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची. एके दिवशी डबा ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, मी मांस सोडलं. सगळ्यांनीच सोडायला हवं."

"सगळ्यांनी सोडलं तर ह्यांना पाळणार कोण?" मुकादम म्हणाले. "खाणारे आहेत म्हणून ही जनावरं जन्माला तरी येतात."

"वा! म्हणजे मारायचं ते मारायचं, वर उपकारही आपलेच?"

मी दोघांकडेही संशयाने पाहिलं. आमच्या जिवावर वाद चालला होता आणि आम्हाला कुणी विचारत नव्हतं. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड!

पण पोरगी चिकाटीची. तिने गाव गोळा केलं आणि आमच्याच पटांगणात सभा भरवली. खूप भांडणं झाली. एक आजारी म्हातारी म्हणाली, "मला डॉक्टरच सांगतात खा म्हणून. मी काय करू गं?" तिला कुणीतरी खाली बसवलं. शेवटी वर्षभर गावात मांस विकायचं नाही, असं ठरलं. कत्तलखान्याला कुलूप लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले. आवारात आम्ही सत्तावीस जण उरलो होतो.

चार दिवसांनी एक ट्रक आला. ट्रकवाला भलताच गोडबोल्या. "ताई, आमच्याकडे मोकळं कुरण आहे. तुम्ही काळजीच सोडा." ताईंनी सोडली! शेळ्या ट्रकला लावलेल्या फळीवर चढेनात, तेव्हा तीच म्हणाली, "थांबा, पुढाऱ्याला आणते."

तिच्या हातात मूठभर दाणे दिसले आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तरी मी फळीपर्यंत गेलो. फळीला वास होता. तो वास मला चांगलाच ओळखीचा आहे. शिवाय ह्या ट्रकला बाजूचं दार नव्हतं. मी पाय रोवले. माझ्यामागे सव्वीसही थांबले.

"चल ना रे," मुलगी म्हणाली.

मुकादम पुढे आले. त्यांनी फळीवर हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. तीस वर्षं त्यांनीही त्याच वासात काढली होती. "कुरण कुठं आहे म्हणालात?" ट्रकवाला शेजारच्या गावाचं नाव सांगून खाली बघू लागला.

"तिथं कुरण नाही. कत्तलखाना आहे."

मुलगी दाणे टाकून मागे सरली. "बाबा, मला वाटलं..."

"तू सोडलंस ते बरोबर की चूक, मला नाही सांगता येणार," मुकादम म्हणाले. "पण सोडलं म्हणून हात झटकता येत नाहीत, पोरी. ही सत्तावीस तोंडं आता तुझी."

ट्रक रिकामा गेला. मुलगी माझ्या गळ्याला मिठी मारून रडली. म्हणाली, "तू सगळ्यांना वाचवलंस!" मित्रांनो, मला त्या कौतुकाची लाज वाटली. ट्रकला बाजूचं दार असतं, तर मी चढलो असतो.

आता ती रोज चारा आणते, गोठा झाडते. तिच्या हातांना घट्टे पडलेत. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी दोघं-तिघं येतात, बाकीचे फिरकत नाहीत. एक करडू सारखं माझ्या मागे मागे असतं. मी त्याला शिंगाने दूर ढकलतो. ते पुन्हा येतं. माझ्यामागून येणारे कुठं जायचे, ते त्याला कुठं ठाऊक!

तेव्हा मित्रांनो, मांस खावं की सोडावं, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यासारख्याला तर मुळीच विचारू नका. पण सोडायचं ठरलंच, तर सभेतून उठण्याआधी विचारा, उद्या सकाळी चारा घेऊन कोण येणार? कुणी हात वर केला, तर त्याचं नाव लिहून घ्या. टाळ्या मग वाजवा.