फाडलेली पट्टी

चांगसूची आई सोलला पहिल्यांदाच येणार होती आणि त्याच्या बायकोला, ओकबूनला, घोर लागला होता तो दाराच्या फटींचा. टेकडीवरची भाड्याची खोली, कागदी दार, चौकट वाकडी. वारा भाडं न देता आत राहायचा. गेल्या हिवाळ्यात नणंद दोन दिवस राहून गेली आणि गावभर सांगत सुटली, "वहिनीच्या घरात मेणबत्तीसुद्धा टिकत नाही." ते ओकबूनच्या मनात सलत होतं.

मालकीण म्हणजे जोंगमीची आई, अंगणापलीकडे राहायची. तिला दार दुरुस्त करायला सांगितलं, तर म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हाही दार असंच होतं. कागद आणि खळ लावा की. सगळं जग लावतं."

जग एक पट्टी लावतं, तीही एका कडेनेच चिकटवतं; दुसरी कड वाऱ्यावर फडफडत राहते. ओकबूनने अख्खा दिवस मोडून चार थर दिले, उंबऱ्याशी गोधडीतला कापूस ठासला आणि मागची खिडकी तर चारही बाजूंनी चिकटवून टाकली. आता दार डबीच्या झाकणासारखं बसू लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी सासूबाई आल्या. तिळाचं तेल आणि वाळवलेली फळं सुनेच्या हाती देऊन त्यांनी दारावरून बोट फिरवलं.

"काम देखणं केलंयस, सूनबाई. पण एक कड मोकळी सोडायची असते गं. घरालाही श्वास लागतो."

ओकबूनला तो टोमणाच वाटला. "इथं शहरात असंच लावतात, आई," ती म्हणाली. ही शुद्ध थाप होती.

चांगसू रात्रपाळीला गेला. ओकबूनने जमिनीखालच्या चुलीत कोळशाची नवी वडी सरकवली आणि चुलीच्या बरोबर वर, जिथे जमीन सगळ्यात ऊबदार असते, तिथे सासूबाईंचं अंथरूण घातलं. ती जागा वडीलधाऱ्यांचीच. स्वतः दाराशी निजली. मेणबत्तीची ज्योत हलत नव्हती. नणंदेनं बघायला हवं होतं, असं मनात म्हणतच तिला झोप लागली.

सकाळी तोंडावर गार झोत आला तेव्हा तिला जाग आली. डोकं दगडासारखं जड. बघते तर उंबऱ्याजवळची पट्टी फाडलेली, कापूस उपसून टाकलेला आणि ऊबदार अंथरूण सोडून सासूबाई तिच्या पाठीमागे उघड्या जमिनीवर पडलेल्या. ओकबूनचं डोकंच फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"गार वाराच हवा होता तर मला सांगायचं, आई. दिवसभर राबले मी यासाठी. गावाकडे चालत असेल असं फाडणं. तुम्हाला काय हो, तुम्ही चार दिवसांनी जाणार."

पडल्या पडल्या हात लांब करून सासूबाई फाटकी पट्टी चौकटीवर परत दाबू लागल्या. पट्टी चिकटेना.

ओकबून तणतणत उठली आणि तिचे पायच गेले. ती दारावर कोसळली. नळावर तांदूळ धुणारी मालकीण आवाज ऐकून धावली. तिने दार ओढलं आणि लगेच नाकातोंडावर हात धरला.

"कोळशाचा गॅस," ती म्हणाली आणि दोघींना बखोटीला धरून अंगणात बर्फावर आणलं. गॅस चढला की देतात ते मुळ्याच्या लोणच्याचं गारढोण पाणी वाडग्यांतून पाजलं. ओकबूनला भडभडून उलटी झाली.

"कुणी फाडली ती पट्टी?" मालकीण म्हणाली. "ती फाटली नसती ना, तर आज तुम्हा दोघींना चादरीतच न्यावं लागलं असतं. आणि ऐक. फटीशी अंथरूण तुझं आहे, म्हातारीचं नाही."

ओकबूनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी वाडगा खाली ठेवला.

"रागावू नकोस, सूनबाई. तुला हाका मारल्या, पण तू उठेनास. दार ढकलायला अंगात जोर नव्हता. तुझं दिवसभराचं काम वाया घालवलं मी."

तेवढ्यात चांगसू पाळीवरून आला. आधी त्याची नजर दारावर गेली. "हे कुणी फाडलं? काल हिनं केवढं खपून केलं होतं."

"माझाच पाय लागला रे," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारीला दिसतंय कुठे."

ओकबून गप्प राहिली असती तर निभावलं असतं. मालकीण जे सांगायचं ते सांगेलच, पण ओकबून सासूबाईंना जे बोलली, ते तिने ऐकलं नव्हतं. ओकबूनने मान खाली घातली.

"आईंनी फाडली म्हणून मी जिवंत आहे. कड मोकळी सोड म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. आणि उठल्या उठल्या मी त्यांनाच बोलले. गावंढळ ठरवलं त्यांना."

"कधी बोललीस गं?" सासूबाई म्हणाल्या. "मी शुद्धीवर होते कुठे. मला काही ऐकूच आलं नाही."

ऐकू आलं नसतं, तर त्या फाटकी पट्टी परत चिकटवायला कशाला गेल्या असत्या?