डाव्या डोळ्याखालचा मी

मित्रांनो, मी प्लास्टिकचा एक जुना, बाकदार तुकडा आहे, बोटाच्या पेराएवढा. माझा पत्ता सांगतो: एका न्हाव्याच्या डाव्या डोळ्याखाली, कातडीच्या आत, हाडाला बारीक स्क्रूने घट्ट बसवलेला. उजवीकडे माझा जुळा भाऊ असतो. त्याचे बरे चालले आहे.

आमच्या मालकाच्या डोळ्यांखाली जन्मापासून खड्डे होते. रात्रभर छान झोपून आला तरी खुर्चीत बसणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय रे, झोप झाली नाही का?" दिवसभर समोर आरसा, आणि आरशात तेच खड्डे. शेवटी वैतागून तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्याच्या हाडांच्या मापाने आम्हाला घडवले आणि बसवले. सूज उतरली, तशी झोपेची चौकशीही थांबली. बायको म्हणाली, "अहो, छान दिसताय की!" मला वाटले, जिंकलो.

कसले काय! आता मालकाला वाटते, मी उजव्यापेक्षा वर बसलो आहे. मला दिसत नाही, पण ऐकू येते. कात्रीची कचकच थांबली की समजावे, स्वारी आरशात बघते आहे. मग अंगठा येतो, दाबतो, चाचपतो, पुन्हा दाबतो. डॉक्टरीणबाईंनी मोजून सांगितले, "दोन्ही अगदी बरोबर आहेत. पण असंच दाबत राहिलात तर खरंच काढावा लागेल." ऐकतो कोण?

परवा खुर्चीत शिंपीकाका होते, मालकाच्या वडिलांपासूनचे गिऱ्हाईक. मालकाची नजर आरशात, आणि कात्री लागली काकांच्या कानाला. काका ओरडले, "अरे, माझ्याकडे बघ की! मी केस कापायला बसलोय, तुझं तोंड बघायला नाही!" अर्ध्या कापलेल्या केसांनिशी ते उठून गेले. अजून आलेले नाहीत.

आणि खापर कोणावर? माझ्यावर! "हा काढून दुसराच बसवतो," असे मालक बायकोला सांगत होता. राग येतो हो मला. खड्डा भरायला सांगितला, मी भरला. माझे काय चुकले? खुशाल काढा. नव्याचेही हेच हाल होतील, कारण अंगठा तोच असणार.

मित्रांनो, आरशात जरूर बघा. पण समोर माणूस बसला असेल तर आधी त्याच्याकडे बघा. आणि नीट बसलेल्या गोष्टीला उगाच बोट लावू नका.

आज बऱ्याच वेळाने खुर्चीत कोणीतरी बसले आहे. "कान सांभाळ हं," असे हसून म्हणालेही. इतका वेळ कात्री छान चालली होती.

आत्ता थांबली.