मांडीवरची बाटली

मी काचा वाहतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या, मोठमोठे आरसे. गाडीत मागं जाड कापड गुंडाळलेले लाकडी घोडे आहेत, त्यात काचा उभ्या बसतात. खड्डा दिसला की आधी माझं तोंड वाकडं होतं, मग स्टेअरिंग. आमच्या धंद्यात काच फुटली की काचेला कोणी काही विचारत नाही, ड्रायव्हरला विचारतात.

त्यामुळं भाची सकाळी छातीशी डबा धरून दारात आली आणि म्हणाली, "मामा, तुझ्याच गाडीतून जायचंय, बसमधून नेलं तर याचं पाणी होईल," तेव्हा माझी छाती जरा फुगलीच.

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. शिकत शिकत प्रयोगशाळेपर्यंत पोचली, पण एका जागी टेकेल तर शपथ.

"आहे काय त्यात?"

डब्यात स्पंज आणि स्पंजात रोवलेली अंगठ्याएवढी काचेची बाटली. आत काहीतरी ढगाळ. भिंगरीनं ती अलगद उलटी धरली. आतला माल पडला नाही, तळाला चिकटून वर लटकत राहिला.

"हे पेप्टाइड. म्हणजे प्रोटीनचे बारके तुकडे समज. पाण्यात सोडले की आपले आपणच एकमेकांना धरतात, रांगेत लागतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं. कोणी लावायला लागत नाही."

"आपल्या घरात तर असं आपोआप रांगेत काही लागलेलं बघितलं नाही कधी."

"ऐक ना रे. त्या पाण्यातच विरघळलेली काच मी धाग्यांवर थराथरानं चढवतेय. धागा आत, काच बाहेर. मग धागा जाळून टाकायचा, पोकळ नळी उरते. केसापेक्षा कितीतरी बारीक. धागा नाजूक असतो, पण नळी भट्टीत घाल, ॲसिडात घाल, टिकते."

"म्हणजे राबायचं धाग्यानं आणि नाव व्हायचं काचेचं."

"अगदी आईसारखा बोलतोस."

दुसऱ्या गावी एक मोठं मशीन होतं, बारीकातलं बारीक दाखवणारं. तिथं तिचा नंबर दुपारी बारा ते दोन. तिच्या सरांनी सरळ सांगितलं होतं, आज फोटोत एक तरी सलग नळी दिसू दे, नाहीतर हे काम बंद, तू दुसऱ्याच्या हाताखाली जा. आजवरच्या सगळ्या बाटल्यांत नुसता चुरा निघाला होता. ही बाटली तिनं काल नव्या पद्धतीनं लावली होती. काच अजून चढत होती, दुपारपर्यंत चढणार होती, आणि तोवर धक्का चालणार नव्हता.

"बस पुढं," म्हटलं. "मामानं आजवर आरशाला चरा पाडलेला नाही."

आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी जशी गाडी चालवली तशी स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा चालवली नसती. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. एक सायकलवाला पुढं गेला, जाताना माझ्याकडं दया आल्यासारखा बघून गेला. भिंगरी शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली होती. घड्याळ बघ, डबा बघ, रस्ता बघ. तिच्याकडं बघून मलाच दम लागला.

अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागलं. मी इंजिन बंद केलं. भिंगरीनं झाकण उघडलं, बाटली उलटी केली, आणि आतला माल दुधासारखा घळघळ खाली आला.

तिनं बाटली परत स्पंजात रोवली, डब्याचं झाकण लावलं. मग जे बोलली ते मला फार लागलं.

"कुठं आपटलीस रे गाडी?"

"मी? मी आपटली?"

"मग पाणी कसं झालं? जाळं तुटलंय सगळं."

"हे बघ, या रस्त्यानं मी नाटकवाल्यांचे आरसे नेलेत. एवढे, माणसापेक्षा उंच."

"आरशाला काय, तो तयार माल असतो. हे अजून होतंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता हिला चांगलं सुनावावं म्हणून तोंड उघडलं, तर खडखड ऐकू आली. बारीक, सारखी. गाडी उभी, इंजिन बंद, आगगाडीचा अजून पत्ता नाही, आणि डब्याचं झाकण खडखडतंय. मी खाली बघितलं.

"भिंगरे," म्हटलं, "तुझा गुडघा बघ."

शिवणाचं मशीन चालावं तसा तिचा उजवा पाय चालला होता. टाच वर, टाच खाली. सकाळपासून चाललेला असणार. आमच्या घराण्यातच आहे ते. तिची आई, माझी ताई, लहानपणी आम्ही एका खाटेवर झोपायचो तर तिच्या पायानं अख्खी खाट हलायची. ताईचा पाय थांबायचा तो फक्त डोक्यातली काळजी मिटली की. तोवर तिला कितीही दटावा.

भिंगरीनं पायाकडं बघितलं, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग हसायलाच लागली, आणि हसता हसता डोळे भरले.

"मामा, आता काय करू?"

"तू सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"नुसतं पेप्टाइड असलं तर मोडलेलं जाळं पुन्हा लागतं. शांत ठेवलं तर धागे एकमेकांना शोधतात. पण काच चढताना मोडलं तर काय होतं, कोणी बघितलेलं नाही. काच चढलेले तुकडे तर जुळणार नाहीत. उघडे राहिलेले कदाचित जुळतील."

"किती वेळ?"

"तास तरी. जास्तच."

"मग नंबर?"

"अर्धा जाईल. सगळाही जाईल." आगगाडी गेली, फाटक उघडलं. मागचे पुन्हा ओरडायला लागले. "थांबू या," ती म्हणाली.

थांबणं मला जमत नाही. डिलिव्हरीला उशीर होतोय म्हटलं की अंगावर मुंग्या चालतात. पण गाडी मी एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपात घातली. पंप उपटून नेलेले, खालचा काँक्रीटचा ओटा तेवढा राहिलेला, रस्त्यापासून बराच आत. ओट्यावर डबा ठेवला. भिंगरीला म्हटलं, तू तिकडं लांब फिर, जेवढा पाय हलवायचा तेवढा हलव.

ती भिंतीकडं येरझाऱ्या घालायला लागली. मी गाडीला चकरा मारल्या. टायर तपासले, तपासलेले पुन्हा तपासले. मग दोघं मध्येच भेटायचो आणि एकमेकांना म्हणायचो, बघायचं नाही. बघायचं नाही. आणि परत फिरायचो.

तेवढ्यात डब्याशेजारी तिचा फोन थरथरायला लागला. येडीनं ओट्यावरच ठेवला होता. मी या वयात असा धावलो नसेन. उचलला.

"पोचलात का?" ताई.

"नाही."

"का? काय झालं? भिंगरीनं खाल्लं का?"

"ताई, तुझा पाय हलतोय का आत्ता?"

 "तुला काय करायचंय?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

शेवटी भिंगरीनं बाटली उचलली. उलटी केली. माल हलला, थोडा सरकला, आणि थांबला. पहिल्यासारखा घट्ट नव्हता. पण पडला नाही.

"चल," ती म्हणाली.

"आधी वर मांडी घालून बस. दोन्ही पाय सीटवर. मांडी घातल्यावर गुडघा काय हलवशील."

पोचलो तेव्हा तिच्या नंबरातला शेवटचा अर्धा तास उरला होता. मशीनवाला म्हणजे कपाळावर चष्मा चढवलेला, कायम वैतागलेला गडी. "बाराला यायचं होतं," म्हणाला. "पुढचे आले की मी उठवणार, सांगून ठेवतो." भिंगरीनं एक थेंब टिकलीएवढ्या जाळीवर घेतला, सुकवला, आणि त्यानं ती जाळी मशीनच्या पोटात घातली.

मला दाराशी एक स्टूल मिळालं. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी सरकत होतं, मला ते फुटलेल्या काचेच्या ढिगासारखं दिसलं.

"चुरा," मशीनवाला म्हणाला.

"डावीकडं घ्या."

"इथंही चुरा."

"अजून डावीकडं. प्लीज."

बाहेर पुढची माणसं येऊन उभी राहिली होती. मला पडद्यातलं काही कळेना, म्हणून मी टेबलाखाली बघत बसलो. भिंगरीचा गुडघा सुसाट होता. टाच वर, टाच खाली. खुर्चीसुद्धा हलत होती. मशीनवाल्यानं घड्याळ बघितलं, खुर्ची मागं सरकवली, आणि मग पुन्हा पुढं ओढली.

गुडघा थांबला.

मी पडद्याकडं बघितलंच नाही. तिच्या पाठीकडं बघत म्हटलं, "काय?"

"आहे, मामा. एकच आहे. पण सलग आहे."

"फोटो काढतो," मशीनवाला म्हणाला. "आता जरा कोणी हलू नका."

आणि भिंगरी मागं वळून, हळू आवाजात मला म्हणाली, "मामा, पाय."

स्टूल खडखडत होतं. पाय माझाच.