आळशी भागीची गोष्ट

आशा रक्तपेढीत कामाला होती आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हॅम्पायरची मालिका वाचायची. त्यावरून तिची रोज थट्टा व्हायची. "दिवसभर पिशव्या हाताळून मन भरत नाही का गं?" असं तिच्या शेजारच्या टेबलावरचा रवी विचारायचा. आशा हसायची आणि डब्यातली भाकरी तोडत पुढचा भाग उघडायची.

मालिकेचं नाव 'धरणकाठचा बंगला'. गंगापूर धरणाजवळच्या बंगल्यात रुद्रसेन नावाचा तीनशे वर्षांचा देखणा रक्तपिपासू राहतो आणि सृष्टी नावाची कॉलेजची मुलगी त्याच्या प्रेमात पडते. वाचनाच्या एका ॲपवर हजारो लोक ती वाचायचे. लेखिका संजना नाशिकचीच आहे, यापलीकडे तिच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं.

एकोणिसाव्या भागात आशा अडकली. त्या बंगल्यात भांडी घासायला एक बाई होती. कथेत तिला सगळे 'आळशी भागी' म्हणायचे, कारण ती काम करता करता मध्येच भिंतीला टेकून बसायची. या भागात रुद्रसेनने तिचं रक्त प्यायलं. सगळा प्रसंग एका वाक्यात आटोपला होता. पुढच्या भागांत भागीचं नावसुद्धा नव्हतं. ती मेली की जगली, तिच्या घरी कुणी कळवलं का, काहीच नाही.

आशाच्या आईचं नाव भागीबाई. ती सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर राहायची. पावसाळ्यात घरचं भात आणि नागली, बाकीचे महिने दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत मजुरी. तीही काम करता करता खाली बसायची. हातपाय असे ठणकायचे की उभं राहवायचं नाही. मुकादम तिला आळशी म्हणायचा. मग बरोबरच्या बाया म्हणायला लागल्या, आणि शेवटी तिचं तिलाही ते पटलं.

नोकरी लागल्यावर आशाने स्वतःचं रक्त तपासून घेतलं तेव्हा ती सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची वाहक निघाली. तेव्हापासून आईलाही तोच आजार असावा, असा तिला संशय होता. पण आई तपासायला तयार नव्हती. "सुई टोचून काय व्हायचंय? माझं अंगच तसं हाय, कामाला नाय वळत."

विसाव्या भागात रुद्रसेन अचानक तीन दिवस तापाने फणफणतो आणि तेवढ्यात त्याचं खरं रूप कळलेली सृष्टी बंगल्यातून निसटते. त्याला काय झालं होतं, हे संजनाने कुठेच सांगितलं नव्हतं. आशाने ते दोन्ही भाग पुन्हा वाचले. तिला कारण दिसलं.

पुढचा दीड महिना ती सुट्टीत वाचायच्या ऐवजी लिहीत राहिली. तिच्या कथेत भागीला सिकलसेल होता. तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. त्या रुद्रसेनच्या शिरांमध्ये अडकल्या आणि तीनशे वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं, सांधे ठणकणं म्हणजे काय. तो अंथरुणात कण्हत पडला. इकडे भागी शुद्धीवर आली, मानेला पदर गुंडाळला आणि सकाळच्या उन्हात पेठच्या रस्त्याने घराकडे निघाली. जाताना बंगल्याचं मागचं दार तिने उघडं ठेवलं. सृष्टी पळाली ती त्याच दारातून.

आशाने ही लघुकादंबरी त्याच ॲपवर टाकली. आठवडाभरात कितीतरी जणांनी ती वाचली. "आता कळलं तो आजारी का पडला!" असं लोक लिहू लागले. पण काही जण चिडले. दुसऱ्याचं चोरून लिहिते, म्हणाले. एकाने लिहिलं, 'कामवालीची गोष्ट कुणाला हवी आहे?' तो शेरा वाचून आशाने कथा काढून टाकली. दुसऱ्या दिवशी खुद्द संजनाचा निरोप आला. तुम्हाला भेटायचंय, कुठे येऊ?

ही आता तक्रार करणार, असं आशाला वाटलं. तिने भीत भीत रक्तपेढीचा पत्ता पाठवला.

शनिवारी दुपारी संजना आली. चाळिशीची, खांद्यावर शबनम, बोटांना खडूची पूड. ती शाळेत मराठी शिकवायची आणि अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तशीच आली होती.

"मॅडम, मी ती काढून टाकली आहे," आशा आधीच म्हणाली.

"म्हणून तर आले. का काढलीत?"

"तुमची पात्रं होती ना."

संजना बाकावर बसली. "खरं सांगू? रुद्रसेन का आजारी पडला, ते मलाच माहीत नव्हतं. सृष्टीला पळायला तीन दिवस हवे होते, म्हणून पाडला आजारी. आणि भागीला तर मी विसरूनच गेले होते. तुमची गोष्ट वाचून मी माझे ते दोन्ही भाग पुन्हा काढून वाचले. ते 'आळशी'सुद्धा मी विचार न करताच लिहिलं. सगळीकडून खोडून टाकते."

आशा म्हणाली, "नको, राहू द्या. ते खोडलं तर माझी भागी उत्तर कुणाला देणार?"

संजनाने मान डोलावली. मग म्हणाली, "तुमची गोष्ट परत टाका. मी माझ्या मालिकेत लिहिते, की एकोणिसाव्या भागानंतर आधी ही वाचा."

आशाने गोष्ट परत टाकली आणि संजनाने तसं लिहिलंही. चिडलेल्यांपैकी काही गप्प झाले, काही नाही झाले. आशाने आता ते शेरे वाचायचं सोडून दिलं.

रविवारी ती पहिल्या बसने गावी गेली. आई ओट्यावर नागली पाखडत होती. आशाने शेजारी बसून पूर्ण कथा वाचून दाखवली. भागीबाईने सूप बाजूला ठेवून ऐकलं. मध्येच तिने विचारलं, "हा बाबा दिवसभर झोपतो?"

"हो. उन्हात त्याला बाहेर पडता येत नाही."

"घरातलं काय काम?"

"काही नाही."

"मंग आळशी कोन गं? तो का ती?"

आशा हसत सुटली. आई मात्र हसली नाही. कथा संपल्यावर ती बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिली.

"तिला जो रोग व्हता, तो खरा असतो?"

"खरा असतो, आई. तो झालेल्या पोरांसाठी मी रोज रक्ताच्या पिशव्या पाठवते."

"आन तिचं दुखणं मुद्दाम नव्हतं?"

"नव्हतं."

भागीबाई उठली. "उद्या तुझ्यासंगं येते. बघ काय बघायचं ते."

तपासणीत सिकलसेलच निघाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावून सांगितलं. हा आजार जन्मापासूनचा, मुळापासून जात नाही, पण रोज गोळ्या घेतल्या, पाणी भरपूर प्यायलं, फार दमणूक टाळली तर कळा कमी होतात. भागीबाईने सगळं नीट ऐकलं. बाहेर आल्यावर तिने तपासणीचा कागद आशाकडे मागितला. तिला वाचता येत नव्हतं.

"मुकादमाला दावीन," ती म्हणाली. "पंचवीस वर्सं बोलत व्हता." आणि डोळ्यांना पदर लावला.

तीन महिने गोळ्या घेतल्यावर तिच्या कळा बऱ्याच कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत. बागेच्या कामाला तिने यंदा नाही म्हटलं. महिन्यातून एकदा ती औषधांसाठी नाशिकला यायची आणि आशाच्या खोलीवर दोन दिवस राहायची. असंच एकदा ती आलेली असताना संजना भेटायला आली, येताना चिवडा घेऊन. चहा झाला. भागीबाई तिच्याकडे निरखून बघत होती.

"बाई, तुमच्या बंगल्यावर गाडी चालवायला एक मानूस हाय ना, हिरामण? ही मला मोबाइलवर वाचून दाखवती. तो एकदम गायबच झाला. कुठं गेला?"

संजना ओशाळून हसली. "मला नाही माहीत, मावशी. तोही राहिलाच माझ्याकडून."

"अशा मालकाकडं गाडीवाला गप नाय बसत. त्याला समदं ठाव असणार."

आशाने वही ओढली. संजनाने शबनममधून पेन काढून तिच्या हातात दिलं. भागीबाईने पाय लांब केले, भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाली, "पहिलं लिही, त्याला घरी दोन पोरी व्हत्या."