शिंगाचा शिक्का आणि बिननावाचं मत

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. पण तुमच्या शाळेच्या ऑफिसातला तो रबरी ठोकळा डोळ्यांसमोर आणू नका हं! मी म्हशीच्या शिंगाचा आहे, बोटाएवढा, आणि माझ्या तळाशी उलटी अक्षरं कोरलेली आहेत. तांबड्या शाईत टेकवून कागदावर दाबलं की ती सुलटी उमटतात आणि वाचता येतं: वू युएचान.

आमच्या तैवानात सहीपेक्षा शिक्क्याला मान. युएचानचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या वडिलांनी देवळाशेजारच्या म्हाताऱ्या कोरणाऱ्याकडून मला घडवून घेतलं. तेव्हापासून मी तिच्याबरोबर या किनाऱ्यावरच्या गावात नांदतो आहे. ती दिवसभर कालवं, म्हणजे खाण्याचे शिंपले, फोडायची. हात चिखलानं माखलेले असायचे, पण मला हात लावायच्या आधी ते साबणानं धुवायची. घराचे कागद, पोस्टातलं खातं, मुलांचं प्रगतीपुस्तक, सगळीकडे मीच. एकदा ती मला घरी विसरली, तर पोस्टातल्या माणसानं तिला ओळख दाखवली नाही. हा माणूस तिचा सख्खा शेजारी, आदल्या संध्याकाळीच तिच्याकडे जेवून गेलेला! "शिक्का आणा, मग ओळखतो," म्हणाला. आता तुम्हीच सांगा, माझी मान ताठ होणार नाही तर काय?

मतदानाच्या दिवशीही पहिल्या टेबलावर मलाच मागत. यादीत तिच्या नावापुढे मी उमटलो की तिच्या हातात मतपत्रिका पडे. पुढे पडद्याआड सरकारनं एक गोल शिक्का ठेवलेला असे, सगळ्या गावाला एकच, ना त्यावर नाव ना गाव. नियम असा की खूण त्यानंच करायची. मतपत्रिकेवर मत देणाऱ्याचं नाव दिसलं की ते मत बाद. पण युएचान त्या गोल शिक्क्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती मलाच बाहेर काढायची, शाई ओली व्हावी म्हणून माझ्यावर तोंडानं वाफ सोडायची आणि हव्या त्या उमेदवाराच्या फोटोखाली मला ठासून दाबायची.

तिची नात चियेरू शहरात कॉलेजला होती. तिनं सरकारी पत्रक आणलं, चित्रं दाखवली, आजीसमोर तासभर डोकेफोड केली. युएचाननं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोस्टाला शिक्का लागतो, शाळेला लागतो, आणि एवढ्या मोठ्या कामाला नको? नाव नसेल तर ते मत माझं, हे त्यांना कळणार कसं? उद्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकतील!" मला तर तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आणि ती काही एकटी नव्हती. शेजारची चिन्हुआन आत्या आयुष्यभर स्वतःचाच शिक्का मारत आली होती. तिचा उमेदवार दर वेळी निवडून यायचा, म्हणजे मत मोजलं गेलं असणारच, असा तिचा हिशोब. बाद मतांकडे कोण बघतंय? मतमोजणीला थांबायचं सोडून आत्या घरी भात लावायला जायची.

मग ती निवडणूक आली. गावप्रमुखाच्या जागेसाठी युएचानचा धाकटा दीर खुनशान उभा राहिला. माणूस दिलदार, बोलायला गोड, पण हातून काम म्हणाल तर शून्य. कालवं फोडायची शेड त्याची होती. गावातल्या बायका तिथे ओळीनं बसत, हात चालत आणि तोंडंही चालत. नवरा गेल्यापासून युएचानचं सगळं सुख त्या शेडमध्ये होतं. समोर उभी होती शेवयांचं दुकान चालवणारी गाओ श्योमान. वादळात गल्लीत गाळ भरला, तेव्हा हीच बाई फावडं घेऊन सर्वांत आधी उतरली होती. युएचाननं दिराला जेवणाच्या ताटावर शब्द दिला आणि पडद्याआड जाऊन मला श्योमानच्या फोटोखाली दाबलं.

मोजणी आमच्याकडे सगळ्यांदेखत होते. शाळेच्या वर्गात गाव जमतं, अधिकारी एकेक मतपत्रिका उंच धरून नाव पुकारतो आणि दुसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढतो. त्या वर्षी चुरस अशी होती की बाद मतंही दोन्हीकडची माणसं वाकवाकून बघत होती. अधिकाऱ्यानं एक मतपत्रिका वर धरली आणि ओरडला, "बाद!" आणि श्योमानच्या फोटोखाली, तांबड्याभडक अक्षरांत, मी! पुढे उभ्या असलेल्या कुणीतरी मोठ्यानं वाचलंसुद्धा. सगळा वर्ग हसला. खुनशाननं फक्त मागे वळून बघितलं.

तो पडला, आणि दुसऱ्या दिवशी शेडमधल्या युएचानच्या स्टुलावर दुसरीच बाई बसलेली होती. त्यानंतर किती तरी दिवस युएचान अंगणात एकटी कालवं फोडत बसे. बोलायला कुणी नाही, म्हणून कोंबड्यांशी बोले. मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

तुम्हाला वाटेल, आता तरी गाव शहाणं झालं असेल. छे! गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी खल केला आणि कारण शोधून काढलं. माझी एक कड जराशी उडालेली होती. शिक्का फुटका, म्हणून मत बाद! झालं, सगळी गल्ली आपापले शिक्के घेऊन गावातल्या शिक्के कोरणाऱ्याच्या दारात. तो बिचारा कडा घासून घासून दमला. मलाही घासलं, आणि खरं सांगू, मी तरुण दिसायला लागलो.

पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर खुनशानचा राग एकदम वितळला. मासे घेऊन घरी आला, चौकशी केली, शेडमधलं स्टूल परत दिलं. युएचान इतकी हरखली की जेवताना रडलीच. मतदानाच्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला आणि तांबड्या शाईची कोरी करकरीत डबी तिच्या हातात ठेवली. तशी त्यानं शेडमधल्या प्रत्येक बाईला दिली होती.

"वहिनी, या वेळी ठळक मारा बरं का. मी मोजणीला पुढेच उभा राहणार आहे. तुमचं नाव मला दिसलं पाहिजे."

युएचान डबीकडे बघत राहिली. नातीच्या पत्रकानं जे झालं नव्हतं, ते दिराच्या त्या एका वाक्यानं झालं. नाव कुणाला बघायचंय आणि कशासाठी, हे तिला आता लख्ख कळलं.

पहिल्या टेबलावर तिनं मला नेहमीसारखं दिलं, मी यादीत उमटलो. मग तिनं मला फडक्यानं पुसलं, पिशवीत घातलं आणि चेन ओढली. मला धक्काच बसला! पडद्याआड गेलो तरी पिशवीत अंधार. बाहेरून फक्त त्या गोल शिक्क्याचा हलका आवाज आला. त्या बिननावाच्या ठोकळ्याला तिनं हात लावला, या विचारानं मी जळफळलो. पण मागाहून लक्षात आलं, गावातल्या मत्स्यशेतीवाल्या बड्या शेटनंही त्याच ठोकळ्यानं खूण केली होती, आणि ती तिच्या खुणेपेक्षा तसूभरही मोठी नव्हती.

मोजणीला खुनशान खरंच पुढे उभा होता. शेडमधल्या बायकांची नावं ठळक, तांबडी, त्याच्याच फोटोखाली एकामागून एक येत होती. तो खुशीत मान डोलवत होता आणि अधिकारी दर खेपेला ओरडत होता, "बाद!" शेवटी तो थोडक्यात पडला. बाहेर आल्यावर म्हणाला, मुद्दाम बाद केली लेकाच्यांनी. आता म्हणे त्यानं सगळ्यांसाठी आणखी मोठे शिक्के कोरायला सांगितलेत! युएचान त्याला समजवायला गेली होती, पण दोनदा हरलेला माणूस, आपण स्वतःच स्वतःची मतं बाद करवली, हे कुठून मान्य करणार? ते ऐकण्यापेक्षा मोठा शिक्का सोपा.

मोजणीच्याच संध्याकाळी त्यानं तिला शेडच्या दारात गाठलं होतं. "वहिनी, तुमचं नाव काही दिसलं नाही."

मी पिशवीत गारठलो. ते स्टूल पुन्हा गेलं, असंच वाटलं मला. पण युएचान आत गेली, स्टूल ओढून बसली आणि सुरी हातात घेतली.

"दिसायचंच नव्हतं, भावोजी. माझं मत आहे ते."

तो घुटमळला. तिनं त्याला दिलं होतं की नाही, कुणास ठाऊक! शंकेवरून वहिनीला उठवायचं तरी कसं? शेवटी कालवांची एक टोपली त्यानं तिच्यापुढे सरकवली आणि निघून गेला.

मित्रांनो, आता बरीच कामं सहीवर आणि मोबाइलवर भागतात. मी बहुतेक वेळ खणात बटणांच्या शेजारी पडून असतो. कधी काळी तुमच्या हातात आजीचा असा शिक्का आला तर त्याला हळूच पुसा, कोरड्या जागी ठेवा, फेकू नका. पण पडद्याआड जाल, तेव्हा त्याला पिशवीतच राहू द्या. त्याला वाईट वाटलं तरी चालेल. मला वाटलंच होतं की.

आणि युएचाननं मत कुणाला दिलं म्हणता? तिचं नाव माझ्या अंगावर कोरलेलं आहे, तरी ते मलाही ठाऊक नाही.